राई

तुर्भे स्टोअरच्या मागून बोनसरीच्या वाटेला लागलं
की डोंगर दिसतो, खरवसासारखा कापलेला.
त्याच्या पायथ्याशी आमचा वर्ग.
छप्पर म्हणजे एका कंपनीचा बॅनर,
छापील बाजू आभाळाकडे.
उन्हात अक्षरं आरपार येतात, पण उलटी.
मुलं पहिला शब्द त्याच्यावरच शिकली, 'उज्ज्वल',
आणि तिघं-चौघं अजून तो आरशातल्यासारखाच लिहितात.

एरवी मी बाजार समितीत असते,
कांदा-बटाटा, गाळ्यांच्या नोंदी.
सहा दिवस पोती मोजून
सातव्या दिवशी पोरं मोजायला जाते,
असं नणंद म्हणते.
म्हणू दे.

पहिल्या रविवारी फळ्यावर 'र' काढला.
र रे राईचा, म्हटलं,
आणि पर्समधली मोहरीची पुडी सोडली.
नागम्मा विटकर मागे बसली होती, मांडीवर भाऊ.
ती हसली. भावाला शेजारणीकडे देऊन बाहेर गेली,
मुठीत मावेना असा एक दगड घेऊन आली
आणि माझ्या मोहरीशेजारी ठेवला.
"रायी," म्हणाली.
त्यांच्या बोलीत दगडाला रायी म्हणतात.

मग एकदा पुस्तकात आलं:
राईचा पर्वत करणे. वाक्यात उपयोग करा.
तिने हातही वर केला नाही, सरळ विचारलं,
"बाई, पर्वताची रायी करतात त्याला काय म्हणतात?"
बाहेर तिची आई खडी फोडत होती.
घणाचे आवाज आम्हाला दोघींनाही ऐकू येत होते.
मी म्हटलं, पुढचा वाक्प्रचार घेऊ.

वही दिवाळीनंतर हाती लागली.
कोऱ्या पानांसाठी मीच दिलेली, ऑफिसच्या रद्दीतली,
आखलेले रकाने तसेच: आवक, जावक, शिल्लक, शेरा.
तिने त्यात मास्तर भरले होते.

मिरेल, हॉलंड. आवक जून. जावक जुलै.
शिल्लक निळा पेन. शेरा: जाताना फार रडली.
सौमित्रदादा, ऐरोली. आवक तीनदा. जावक माहीत नाही.
शिल्लक अर्धा भागाकार.
कंपनीवाले, एकोणीस. आवक सकाळी, जावक जेवायच्या आधी.
शिल्लक बॅनर. शेरा: केळी चांगली होती.
फरजाना मिस, कौसा. आवक दोन वर्षं.
जावक लग्न, मग केनिया. तिकडे पण पोरांना शिकवते.
शिल्लक: मला वाचता येतं.

सगळ्यात खाली मी.
कुंदाबाई, सानपाडा.
एप्रिल, तीन रविवार गैरहजर, कारण पाहुणे.
शेरा: पाहुणे तीन रविवार राहतात?

(नव्हते राहिले. एकच रविवार होते.
बाकीचे दोन मी पंख्याखाली पडून होते,
आणि ते मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही.)

माझी जावक कोरी होती.
मी बोट ठेवलं. "हे का गं सोडलंस?"
ती भावाचं नाक पुसत होती.
"माल अजून गाळ्यावर आहे ना, बाई."

मला काही सुचायच्या आत खाणीचा भोंगा झाला.
सगळ्यांनी कानांवर हात घेतले,
कुणाच्या हातात खडू, कुणाच्या पाव,
आणि मोजायला लागली, नेहमीसारखी, त्यांच्या आकड्यांत:
ओकटी, रेंडू, मूडू.
मीही मोजत होते.
सातापर्यंत नीट गेले, मग नुसते ओठ हलवले.

सुरुंग उडाला.
'उज्ज्वल' थरथरलं, वहीवर बारीक चुरा पडला.
नागम्माने तो बोटाने कडेला सारला,
पान मिटण्याआधी माझ्याकडे पाहिलं.
"एडूनंतर एनमिदी," म्हणाली.
"तीन वेळा सांगितलंय तुम्हाला."